आधी १०८, मग रेक्टर

वाचकांचे प्रश्न : महाविद्यालय, वसतिगृह आणि व्यसन

दारू, तंबाखू आणि अमली पदार्थांविषयी विद्यार्थी, पालक आणि एका रेक्टरबाईंनी विचारलेले प्रश्न या वेळी घेतले आहेत. कायद्याची माहिती महाराष्ट्र डोळ्यांसमोर ठेवून दिली आहे. वसतिगृहाचे नियम मात्र संस्थेगणिक बदलतात. प्रवेशाच्या वेळी सही केलेलं हमीपत्र आणि नियमपुस्तिका एकदा तरी वाचा. सही सगळे करतात, वाचत कुणी नाही, आणि पुढची निम्मी भांडणं त्यातूनच निघतात.

आमच्या वसतिगृहात दारू सापडली की खोली सोडावी लागते. त्यामुळे कुणाला जास्त झाली की मित्र दार लावून घेतात, डोक्यावर पाणी ओततात, लिंबू पाजतात आणि झोपवून टाकतात. आजवर निभावलं. पण दवाखान्यात कधी न्यायचं हे कसं ओळखायचं? आणि नेलं तर पोलीस केस होते का?
— अभियांत्रिकी, तृतीय वर्ष

यात सर्वांत धोक्याचं काय असेल तर ते ‘झोपवून टाकणं’. शेवटचा घोट घेतल्यानंतरही पोटातली दारू रक्तात उतरत राहते. बारा वाजता अडखळत का होईना बोलणारा मुलगा एक वाजता हाकेलाही ओ देईनासा होतो, तो त्यामुळेच. ‘आता पीत नाहीये, म्हणजे उतरेल’ हा हिशेब पहिले एक-दोन तास चुकीचा ठरतो.

खांदे हलवून मोठ्याने हाक मारा, चिमटा काढा. डोळे उघडून काहीतरी अर्थाचं बोलला तर ठीक, नाहीतर तीच पहिली धोक्याची खूण. मग घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट श्वास मोजा. मिनिटाला आठपेक्षा कमी श्वास, किंवा दोन श्वासांमध्ये दहा सेकंदांहून जास्त खंड, ही धोक्याची घंटा. ओठ किंवा नखं निळसर-राखाडी पडणं, अंग गार आणि चिकट लागणं, शुद्धीत नसताना उलटी होणं, झटका येणं, पडून डोक्याला मार लागणं, हीसुद्धा तशीच लक्षणं आहेत. यांपैकी एकही दिसलं तर १०८ ला फोन करा. तो लागला नाही तर ११२. सगळी लक्षणं जुळायची वाट पाहू नका.

रुग्णवाहिका येईपर्यंत त्याला कुशीवर वळवा. वरचा पाय गुडघ्यात वाकवून पुढे टेकवा म्हणजे तो पालथा होणार नाही. डोकं किंचित मागे आणि तोंड जमिनीकडे उतरतं ठेवा. घशात काही गेलं की ठसका लागतो, ती प्रतिक्रिया दारूने मंदावलेली असते. उताणा झोपलेला माणूस उलटी बाहेर न टाकता फुप्फुसात ओढून घेतो, आणि जीव बऱ्याचदा दारूच्या प्रमाणाने नव्हे, त्या उलटीने जातो. एक जण सतत शेजारी बसलाच पाहिजे. ‘अर्ध्या तासाने बघून येऊ’ हे चालत नाही.

लिंबू, कॉफी, ताक यांनी नशा उतरत नाही. दारू यकृतातून तिच्या गतीनेच जाते आणि ती गती वाढवणारा घरगुती उपाय नाही. शुद्धीत नसलेल्याच्या तोंडात काहीही ओतलं तर ते श्वासनलिकेत जाऊ शकतं. घशात बोट घालून उलटी काढायलाही नको, कारण तेच. गार पाण्याची आंघोळ तर उलटीच पडते : दारूने कातडीखालच्या रक्तवाहिन्या रुंदावलेल्या असतात, शरीराची उष्णता आधीच निसटत असते, त्यात तुम्ही भर घालता. त्याला सुकं करून पांघरूण घाला.

डॉक्टरांना काय प्यायला, अंदाजे किती, शेवटचं कधी, आणि सोबत काही घेतलं का, हे खरं सांगा. शेवटचा प्रश्न फार महत्त्वाचा. झोपेच्या गोळ्या, कोडीनचं खोकल्याचं औषध किंवा ट्रामाडॉलसारख्या वेदनाशामक गोळ्या दारूसोबत गेल्या असतील तर सगळे मिळून श्वास मंदावतात. प्रत्येकाचं प्रमाण एकेकटं सुसह्य असलं तरी एकत्र ते मारक ठरू शकतं. बाटली, गोळ्यांची पाकिटं सोबत घ्या.

पोलिसांबद्दल : रुग्णालय अशा रुग्णाची ‘एमएलसी’ म्हणून नोंद करू शकतं. ती वैद्यकीय-कायदेशीर नोंद असते. गुन्हा दाखल झाला असा तिचा अर्थ होत नाही, आणणाऱ्या मित्रावर तर नाहीच. तातडीच्या उपचारासाठी रेक्टरांची परवानगी, ओळखपत्र किंवा पालकांची सही यांची वाट पाहायची नसते. १०८ ला फोन झाला की मग रेक्टरांना लावा. फाटक उघडायला आणि गाडी आत घ्यायला ते लागतातच.

उरली शिक्षेची भीती. परदेशातल्या अनेक विद्यापीठांत ‘जिवाच्या धोक्यात मदत मागणाऱ्यावर आणि ज्याच्यासाठी मागितली त्याच्यावर नशा केल्याबद्दल शिस्तभंगाची कारवाई होणार नाही’ असा लेखी नियम असतो. आपल्याकडे तो क्वचितच लिहिलेला आढळतो. विद्यार्थी परिषदेने एवढं एक वाक्य नियमपुस्तिकेत घालून घ्यावं. व्यसनविरोधी भाषणांपेक्षा ते जास्त कामाचं आहे. वाक्य नसलं तरी फोन करायचाच; खोली गेली तर दुसरी मिळते.

बिअर म्हणजे दारूच नव्हे, असं आमचा ग्रुप धरून चालतो. दोन बाटल्यांनंतर स्कूटर चालवली तर खरंच पकडतात का? आणि कायद्याने वय किती लागतं?
— वाणिज्य, द्वितीय वर्ष

आपल्याकडे एक माप म्हणजे १० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल धरतात. ४२.८ टक्क्यांच्या व्हिस्की-रमचे ३० मिली म्हणजे एक माप. आता ६५० मिलीची ८ टक्क्यांची ‘स्ट्राँग’ बिअर घ्या. तिच्यात ५२ मिली, म्हणजे सुमारे ४१ ग्रॅम अल्कोहोल असतं. एका बाटलीत चार मापं, दोन बाटल्यांत आठ. व्हिस्कीच्या भाषेत सांगायचं तर २४० मिली.

मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ नुसार १०० मिली रक्तात ३० मिलीग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल असताना गाडी चालवणं गुन्हा आहे. साठ किलो वजनाच्या तरुणाची ही मर्यादा अर्ध्या बाटलीतही ओलांडली जाऊ शकते. मुलींच्या शरीरात पाण्याचं प्रमाण तुलनेने कमी असल्याने त्यांची आणखी लवकर. पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही. पुढच्या गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा १५,००० रुपये दंड किंवा दोन्ही.

शरीर तासाला साधारण ७ ते १० ग्रॅम अल्कोहोल बाहेर काढतं. दोन बाटल्यांना त्या हिशेबाने ८ ते १२ तास लागतात. रात्री बाराला संपवलेली बिअर सकाळी आठच्या प्रॅक्टिकलला निघताना अंगात असते. ‘झोप झाली, उतरली’ म्हणणारे इथेच फसतात.

वयाचं म्हणाल तर महाराष्ट्रात बिअरसाठी २१ आणि व्हिस्की-रमसारख्या मद्यासाठी २५ वर्षं पूर्ण लागतात. शिवाय १९४९ च्या दारूबंदी कायद्यानुसार पिण्याचा परवाना लागतो. तो बहुतेकांना माहीतच नसतो. वर्धा आणि गडचिरोली जिल्ह्यांत दारूबंदी आहे, तिथे हा प्रश्नच उरत नाही. वय आणि परवाना दोन्ही असले तरी वसतिगृहातली बंदी वेगळी. ‘मी पंचवीस पूर्ण आहे’ हा बचाव रेक्टरांपुढे चालत नाही.

माझ्या रूममेटच्या कपाटात गांजाची पुडी दिसली. मी घेत नाही. उद्या तपासणी झाली तर मीही अडकेन का? त्याला पकडून न देता मदत करता येईल का? ‘थोडासा गांजा चालतो’ हे खरं आहे का?
— विज्ञान, पदव्युत्तर

चालत नाही. एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांविषयीच्या १९८५ च्या कायद्यात ‘अल्प प्रमाण’ असा शब्द आहे आणि सगळा गैरसमज त्यातून होतो. अल्प प्रमाणाला सूट नाही, फक्त शिक्षा कमी आहे : एक वर्षापर्यंत सक्तमजुरी किंवा १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. गांजासाठी अल्प प्रमाणाची सीमा १ किलो, चरससाठी १०० ग्रॅम, हेरॉइनसाठी ५ ग्रॅम. कोकेन आणि एमडी म्हणजे मेफेड्रोनसाठी अवघे २ ग्रॅम, आणि एमडीएमएसाठी अर्धा ग्रॅम. या सीमेच्या वर गेलात की शिक्षा थेट दहा वर्षांपर्यंत जाते, आणि व्यापारी प्रमाण, म्हणजे २० किलोहून जास्त गांजा किंवा ५० ग्रॅमहून जास्त एमडी, गाठलं तर किमान दहा वर्षं.

वजन शुद्ध पदार्थाचं धरत नाहीत. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हीरा सिंग खटल्यात स्पष्ट केलं की मिसळलेल्या भेसळीसकट संपूर्ण मिश्रण तोलायचं. एमडीच्या पुडीत निम्मी भेसळ असली तरी ती तुमच्याच खात्यावर जमा. चार मित्रांनी वर्गणी काढून मागवलं आणि एकाने वाटलं, तर ज्याच्या हातात सगळं सापडलं त्याच्यापुढे ‘यातलं माझं पाव भागच होतं’ हे सिद्ध करण्याची वेळ येते.

तुमच्याबद्दल. ‘ताबा’ म्हणायला वस्तू तिथे असल्याची जाणीव आणि तिच्यावर नियंत्रण, दोन्ही लागतात. रूममेटच्या कुलूपबंद कपाटातली वस्तू तुमच्या ताब्यात धरली जाणं अवघड. तीच पुडी दोघांच्या सामाईक टेबलावर असेल, किंवा त्याच्या सांगण्यावरून तुम्ही तुमच्या बॅगेत ठेवली असेल, तर परिस्थिती वेगळी. ‘दोन दिवस तुझ्याकडे ठेव’ याला कधीही हो म्हणू नका. खोली जाणूनबुजून वापरू देण्याबद्दलही कलम आहे, तेव्हा ‘खोलीत हे नको’ असं त्याला स्पष्ट सांगा आणि ऐकत नसेल तर खोली बदलून मागा. अर्जात कारण ‘अभ्यासाची गैरसोय’ एवढं लिहिलं तरी पुरतं.

त्याच्यासाठी कलम ६४-अ आहे. अमली पदार्थांवर अवलंबून असलेली व्यक्ती सरकारी किंवा सरकारमान्य संस्थेत स्वतःहून उपचाराला गेली, तर सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यासाठी तिच्यावर खटला चालत नाही. यात दोन मेख आहेत. उपचार अर्धवट सोडले तर हे संरक्षण काढून घेता येतं. आणि ते ‘अवलंबून’ असलेल्यासाठी आहे. सहलीत एकदाच घेणाऱ्याला त्याचा आधार मिळेलच असं नाही. पोलीस दारात येण्याआधी केसपेपर निघालेला असणं केव्हाही चांगलं. १४४४६ हा व्यसनमुक्तीचा राष्ट्रीय क्रमांक. जवळचं केंद्र तिथून कळतं.

आमचा २२ वर्षांचा मुलगा एमडी घेतो, हे त्याने स्वतःच सांगितलं. सोडायचं म्हणतो. कॉलेजला कळलं तर वर्ष जाईल, या भीतीने आम्ही गप्प आहोत. नातेवाईक म्हणतात, एखाद्या केंद्रात सहा महिने कोंडून ठेवा.
— एक आई

त्याने स्वतः सांगितलं, हे फार मोलाचं आहे. पुढचे काही दिवस ‘का केलंस’ची उलटतपासणी टाळा.

आधी सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाचा किंवा जिल्हा रुग्णालयाचा मानसोपचार विभाग गाठा. बाह्यरुग्ण विभागात जाऊन केसपेपर काढायचा, एवढीच पहिली पायरी. फोनवर बोलायचं तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ चोवीस तास चालतो. महाराष्ट्रात स्वयंसेवी संस्थांचंही जुनं काम आहे. पुण्याचं मुक्तांगण १९८६ पासून चालू आहे.

डॉक्टरांना एमडीखेरीज तो आणखी काय घेतो ते नक्की सांगा. एमडीची जागा घेणारी गोळी नाही. ते बंद केल्यावर पहिले काही दिवस तो भरपूर झोपेल, भरपूर खाईल, चिडेल आणि मग मन एकदम खचेल. त्या खचण्यात आत्महत्येचे विचार येऊ शकतात. या काळात त्याला एकटं ठेवू नका आणि तसं बोलला तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. संशय घेणं, कुणीतरी मागावर आहे असं वाटणं, हेही एमडीने होतं. बहुतेकांचं ओसरतं, न ओसरलं तर औषध लागतं.

दारू रोज आणि भरपूर असेल तर ती घरी एकदम बंद करू नका. सहा-आठ तासांत हात थरथरतात, पहिल्या दोन दिवसांत झटके येऊ शकतात आणि दोन ते चार दिवसांत भ्रम होऊन जीव धोक्यात येऊ शकतो. हे रुग्णालयात औषधांनी सांभाळता येतं. हेरॉइन किंवा वेदनाशामक गोळ्यांचं व्यसन सोडताना अंगदुखी, जुलाब, घाम येतो, पण खरा धोका नंतर असतो : महिनाभर बंद ठेवल्यावर शरीराची सवय उतरते आणि जुन्याच प्रमाणात पुन्हा घेतलं तर श्वास थांबतो. व्यसनमुक्ती केंद्रातून परतल्यानंतरचे पहिले आठवडे म्हणून जास्त जपायचे.

कोंडून ठेवण्याबद्दल. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ मध्ये दारू आणि अमली पदार्थांशी निगडित मानसिक अवस्था ‘मानसिक आजार’ म्हणून धरल्या आहेत. त्यामुळे या कायद्यातले हक्क तुमच्या मुलालाही लागू होतात. साखळीने बांधायला कोणत्याही प्रकारे बंदी आहे. तो सज्ञान आहे आणि स्वतः तयार आहे. त्याच्या स्वतःच्या अर्जावर स्वतंत्र रुग्ण म्हणून दाखल होता येतं. खासगी केंद्र निवडलंत तर राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाची नोंदणी, मानसोपचारतज्ज्ञ आठवड्यात किती वेळा येतात, रात्री डॉक्टर कोण, आणि घरच्यांना भेटू देतात का, एवढं विचारा. ‘सहा महिने भेट नाही, फोन नाही’ असं सांगणाऱ्या केंद्रातून परत फिरा. अमुक महिन्यांत शंभर टक्के सुटेल अशी हमी देणाऱ्यांकडूनही.

कॉलेजचं म्हणाल तर याच कायद्याच्या कलम २३ नुसार रुग्णाची माहिती गोपनीय आहे. जिवाला किंवा इतरांना धोका असेल, न्यायालयाने मागितली, असे मोजके अपवाद सोडले तर डॉक्टर ती प्राचार्यांना देऊ शकत नाहीत. हजेरीसाठी ‘अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत आंतररुग्ण म्हणून उपचार घेतले’ एवढं प्रमाणपत्र पुरावं. त्यात निदान लिहू नये अशी विनंती मुलाने डॉक्टरांना करावी. बऱ्याच ठिकाणी ७५ टक्के हजेरीची अट असते आणि वैद्यकीय कारणाने तीत सवलत मागता येते. हा अर्ज रुग्णालयात दाखल होतानाच द्या. परीक्षेचे फॉर्म बंद झाल्यावर मागच्या तारखांची प्रमाणपत्रं नेणाऱ्यांचं ऐकून घेतलं जात नाही, आणि त्यात कॉलेजचीच चूक असते असंही नाही.

एक बारकी गोष्ट : विक्रेत्याची उधारी असते आणि ती मागायला फोन येत राहतात. नंबर बदला, काही महिने त्याच्या फोनवरचं पैसे पाठवायचं अ‍ॅप बंद ठेवा. विक्रेत्याची माहिती द्यायची तर १९३३ हा क्रमांक त्यासाठी आहे.

सिगारेट सोडायला निकोटिनची च्युइंगगम आणली. छातीत जळजळ झाली, उचक्या लागल्या आणि सिगारेट होती तिथेच राहिली. दिवसाला दहा-बारा ओढतो.
— वास्तुशास्त्र, चतुर्थ वर्ष

नावात च्युइंगगम असली तरी ती चघळत राहायची नसते. सावकाश चावा, तिखटसर चव किंवा झिणझिण्या आल्या की थांबा आणि गाल व हिरडीच्या मध्ये दाबून ठेवा. मिनिटाभराने चव ओसरली की पुन्हा दोन-चार वेळा चावा, जागा बदला. एक गम अर्धा तास पुरते. निकोटिन तोंडाच्या आतल्या त्वचेतून शोषलं जायला हवं. भराभर चघळलं की ते लाळेबरोबर पोटात जातं. तिथे जळजळ करतं, उचक्या लावतं, मेंदूपर्यंत मात्र फारसं पोहोचत नाही. तुमचं नेमकं हेच झालंय.

दुसरं कारण बहुधा चहा. चहा, कॉफी, सरबत, कोला हे आम्लधर्मी पदार्थ तोंडातलं शोषण बिघडवतात. गमच्या आधी पंधरा मिनिटं आणि गम तोंडात असताना पाण्याखेरीज काही नको.

तिसरं : लोक फार कमी गम घेतात. तलफ आल्यावर एखादी, हे प्रमाण पुरत नाही. पहिले सहा आठवडे दर एक-दोन तासांनी एक, पुढचे तीन आठवडे दर दोन-चार तासांनी, शेवटचे तीन आठवडे दर चार-आठ तासांनी, असा बारा आठवड्यांचा क्रम आहे. २ मिलीग्रॅमच्या दिवसाला २४ पेक्षा जास्त नकोत. सकाळी उठल्यावर अर्ध्या तासाच्या आत पहिली सिगारेट लागत असेल तर ४ मिलीग्रॅमची गम किंवा पॅचबद्दल डॉक्टरांना विचारा.

त्रास दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत जास्त असतो आणि दोन ते चार आठवड्यांत ओसरतो. एकेक तलफ तीन ते पाच मिनिटं टिकते. आणखी एक गंमत : सिगारेटच्या धुरामुळे यकृत कॅफीन वेगाने मोडत असतं. धूर थांबला की तीच कॉफी जास्त चढते, छाती धडधडते, झोप उडते, आणि माणूस म्हणतो ‘सिगारेट सोडल्यामुळे होतंय’. कॉफी निम्मी करा. पाकिटावर छापलेला १८००-११-२३५६ हा क्रमांक समुपदेशनाचाच आहे.

सिनिअर्सनी ‘ओळख परेड’च्या नावाखाली आम्हा पहिल्या वर्षाच्या मुलांना दारू प्यायला लावली. मी साडेसतरा वर्षांचा आहे. तक्रार केली तर ‘तूही प्यायलास’ म्हणून मलाच काढतील का?
— वैद्यकीय शाखा, प्रथम वर्ष

नाही. जबरदस्तीने पाजणं हे रॅगिंग आहे आणि त्यात तुम्ही पीडित आहात. १८००-१८०-५५२२ हा यूजीसीचा रॅगिंगविरोधी क्रमांक आहे. यूजीसीच्या २००९ च्या नियमांनुसार दोषींचं वसतिगृह, शिष्यवृत्ती, परीक्षा, प्रवेश काहीही जाऊ शकतं. कुणी केलं ते ठरवता आलं नाही तर सामूहिक शिक्षाही होते. राज्याच्या १९९९ च्या रॅगिंगबंदी कायद्यात दोन वर्षांपर्यंत कैद आहे, आणि दोषी ठरलेल्याला पाच वर्षं दुसरीकडेही प्रवेश मिळत नाही.

तुमचं वय अठराच्या आत असल्याने आणखी एक कायदा लागतो, जो सिनिअर्सना बहुधा ठाऊक नसतो. बालन्याय कायदा, २०१५ च्या कलम ७७ नुसार अठरा वर्षांखालील व्यक्तीला डॉक्टरी सल्ल्याशिवाय दारू, अमली पदार्थ किंवा तंबाखू देणाऱ्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड आहे. जबरदस्ती झाली की नाही, हा प्रश्नही तिथे येत नाही. नुसती सिगारेट पुढे केली तरी पुरे.

तारीख, वेळ, खोली क्रमांक, कोण कोण होतं हे आजच लिहून काढा. ग्रुपवरचे संदेश पुसले जाण्याआधी त्यांचे स्क्रीनशॉट घ्या.

मी मुलींच्या वसतिगृहाची रेक्टर आहे. सगळ्यांची अचानक लघवी तपासावी, अशी सूचना व्यवस्थापनाकडून आली आहे. करावी का? आणि खोलीत काही सापडलं तर नेमकं काय करायचं?

सरसकट तपासणी करू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला; संमतीविना घेतलेला शरीराचा नमुना आव्हान दिल्यावर टिकवणं संस्थेला जड जाईल. शास्त्राच्या बाजूनेही ती लंगडी आहे. पट्टीवरची चाचणी प्राथमिक असते. सर्दीच्या काही गोळ्यांतल्या स्यूडोएफेड्रिनने ‘अ‍ॅम्फेटामाइन’ची रेघ येऊ शकते आणि कोडीनच्या खोकल्याच्या औषधाने ‘अफू’ची. प्रयोगशाळेत खात्री केल्याशिवाय त्या निकालावर कुणाला काढणं म्हणजे अन्याय. गांजा एकदा घेतला तर तीनेक दिवस दिसतो, रोज घेणाऱ्याच्या लघवीत महिनाभरही राहतो, तेव्हा ‘वसतिगृहात घेतला’ हे त्यातून सिद्ध होत नाही. आणि अनेक साध्या किटमध्ये एमडी पकडण्याची सोयच नसते. ज्याची सर्वाधिक काळजी, तेच निसटतं.

खोलीची तपासणी नियमपुस्तिकेत लिहिली असेल तर करता येते : मुलगी हजर असताना, दोन जबाबदार स्त्रियांसमोर, आणि त्याच वेळी लेखी नोंद करून. अंगझडती तुम्ही घ्यायची नाही. एनडीपीएस कायद्यात ती अधिकृत अधिकाऱ्यांकडे आहे; स्त्रीची झडती स्त्रीच घेते, आणि राजपत्रित अधिकाऱ्यासमोर किंवा दंडाधिकाऱ्यासमोर झडती घ्या, असं म्हणण्याचा हक्क तिला आहे.

संशयास्पद पुडी दिसली तर हात लावू नका, वास घेऊ नका. आहे तिथे तिचं छायाचित्र घ्या, खोलीला कुलूप लावा, प्राचार्यांना आणि पोलिसांना कळवा. दोन चुका नेहमी होतात. एक, दयेपोटी ती शौचालयात टाकणं. तो पुरावा नष्ट करणं ठरू शकतो. दोन, ‘उद्या बघू’ म्हणून स्वतःच्या ड्रॉवरमध्ये ठेवणं. मग ती तुमच्या ताब्यात असते.

मुलीकडे डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट औषधं असतील, उदाहरणार्थ लक्ष केंद्रित करण्याच्या विकारासाठी मिथाइलफेनिडेट, तर ती जप्त करू नका. चिठ्ठीची प्रत फाइलला लावा आणि गोळ्या मूळ पाकिटात ठेवायला सांगा. त्या मैत्रिणीला ‘परीक्षेपुरती एक’ देणं मात्र गुन्हा आहे, हे दोघींनाही सांगा.

खोलीत दारूची बाटली सापडली. त्याच रात्री माझ्याकडून माफीनामा लिहून घेतला. मजकूर त्यांनी सांगितला. आता शिस्तपालन समितीची नोटीस आली आहे.
— विधी, द्वितीय वर्ष

त्या माफीनाम्याची प्रत लेखी मागा. रात्री अकराला, उभं करून, सांगितलेल्या मजकुराखाली केलेली सही पुढे सर्वांत मोठी अडचण होते, कारण ‘मी नेहमी नशा करतो’ अशी वाक्यं त्यात घुसवलेली असतात. बाटलीऐवजी अमली पदार्थ असता तर तो कागद पोलिसांच्या फाइलमध्येही गेला असता. इतरांसाठी : अशा वेळी ‘काय सापडलं, कुठे, किती वाजता’ एवढंच स्वतःच्या शब्दांत लिहा, खाली तारीख-वेळ टाका आणि फोटो काढून ठेवा. कोऱ्या कागदावर सही नाही.

नोटिशीत नेमका कोणता नियम मोडला ते हवं. नसेल तर विचारा. पुराव्याच्या प्रती आणि उत्तराला वेळ मागा. खुलासा एका पानाचा ठेवा. बाटली तुमची असेल तर तसं मान्य करा. ‘मित्राची होती’ हे खोटं पहिल्या दोन प्रश्नांत उघडं पडतं. पहिलीच चूक असेल तर तेही लिहा आणि समुपदेशकाकडे गेला असाल तर भेटीच्या तारखा जोडा. काय बोलणं झालं ते नाही. निर्णय लेखी आणि कारणांसह मागा, आणि अपिलाची मुदत किती ते त्याच दिवशी नियमपुस्तिकेत पाहा. ती अनेकदा चार-आठ दिवसांचीच असते आणि सुट्ट्या त्यातून वगळतीलच असं नाही.

फाटकासमोरच पानटपरी आहे. शंभर यार्ड कुठून मोजायचे? आणि व्हेप तंबाखूत मोडतं का?
— विद्यार्थी प्रतिनिधी

बाहेरच्या भिंतीपासून किंवा कुंपणापासून, सर्व दिशांना, सुमारे ९१ मीटर. फाटकापासून नव्हे. २००३ च्या तंबाखू नियंत्रण कायद्याच्या कलम ६ नुसार त्या अंतरात विक्रीला बंदी आहे, दंड २०० रुपयांपर्यंत. आवारात सिगारेट ओढण्यालाही तेवढाच. तशा पाट्या, किमान ६० बाय ३० सेंटिमीटरच्या, लावणं संस्थेचं काम. तक्रार कुणाकडे करायची त्याचं नाव ‘धूम्रपान निषिद्ध’ पाटीवर असलं पाहिजे. प्राचार्यांच्या सहीचं पत्र, सोबत अंतर दाखवणारा नकाशा, महापालिकेला आणि पोलीस ठाण्याला द्या. दंड किरकोळ असल्याने टपरी आठवड्याने परत येते; महापालिकेच्या परवान्याच्या अंगाने गेलात तर जास्त टिकतं.

व्हेपसाठी, म्हणजे ई-सिगारेटसाठी, २०१९ चा वेगळा कायदा आहे. उत्पादन, आयात, विक्री, वितरण, जाहिरात, सगळ्याला बंदी. पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. साठवणुकीला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा ५०,००० पर्यंत दंड किंवा दोन्ही. त्यात ओढणं वेगळं नमूद नाही, पण मित्रांसाठी मागवून पैसे घेणारा विद्यार्थी वितरक ठरतो.